उजव्या कप्प्यातली गाठ

“...आणि ही साधी गाठ नाही, असं तुला कशावरून वाटतं?”

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. समोरच्या पडद्यावर एका बाईचं हृदय हलत होतं. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात भिंतीला धरून एक पांढुरका गोळा दिसत होता.

डॉ. वैजयंती घोरपडे याच प्रश्नाची वाट पाहत होती.

“साधी गाठ बहुतेक वेळा डावीकडे असते, सर. दोन कप्प्यांमधल्या पडद्याला देठानं लोंबकळते. ही उजवीकडे आहे. हिला देठ नाही. भिंतीतच रुंद बूड घालून बसली आहे. शिवाय हृदयाभोवती पाणी साचलं होतं, ते लाल निघालं.”

“त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या?”

“नाही. पण सापडल्या नाहीत म्हणजे नाहीत, असं नसतं.”

“दोन मोठ्या डॉक्टरांनी साधी गाठ म्हणून लिहून दिलंय.”

“दोघंही चुकले, सर.”

सर पडद्याकडे बघत राहिले.

“तुकडा काढून तपासायला पाठव,” एवढंच म्हणाले आणि उठले.

डॉ. विश्वंभर आजगावकर सर फार बोलत नसत. कोल्हापुरातल्या त्या हॉस्पिटलात हृदयाच्या शस्त्रक्रिया त्यांनीच सुरू केल्या होत्या. तेव्हा लोक त्यांना हसले होते. नंतर तेच लोक आपल्या आईवडिलांना घेऊन त्यांच्या दारात बसू लागले. सरांनी दोन्ही वेळा सारखंच मौन पाळलं.

वैजयंती त्यांच्याच हाताखाली तयार झाली. मग परदेशात शिकली, तिथं लोकांनी थांब म्हणून आग्रह केला, तरी परत आली. हात विलक्षण. टाका असा घालायची की बघणाऱ्यानं बघत राहावं. हे तिला ठाऊक होतं... आणि ते तिला ठाऊक आहे, हे सगळ्या हॉस्पिटलला ठाऊक होतं.

मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर नेऊन तिनं गाठीचा कण काढला. धडधडत्या हृदयातून, भिंतीला धक्का न लावता.

रिपोर्ट आला. अँजिओसारकोमा. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उगवणारा कॅन्सर, आणि उगवला होता थेट हृदयात. इतका विरळा की पुष्कळ हृदयशल्यविशारदांना तो आयुष्यात एकदाही दिसत नाही.

वैजयंती रिपोर्ट घेऊन सरांच्या खोलीत आली. मान ताठ होती.

“सर, बरोबर आलं.”

सरांनी रिपोर्ट वाचला. परत वाचला.

“बरोबर आलं,” ते म्हणाले.

ती थांबून राहिली. आणखी काहीतरी येईल, असं तिला वाटत होतं.

“आनंद झालेला दिसतोय.”

“निदान बरोबर आल्याचा, सर. आजाराचा नाही.”

“तेच म्हणतोय मी. कुणाकुणाला सांगितलंस?”

“रेडिओलॉजीत सांगितलं. भूलतज्ज्ञांना. मुंबईला एका मैत्रिणीला फोन केला... आपल्याकडे असं निदान होतं, हे कळायला हवं ना त्यांना.”

“आणि त्या बाईंना?”

वैजयंतीची नजर रिपोर्टवर गेली.

“आता जातेच आहे, सर.”

*

त्या बाईंचं नाव राजमती मगदूम. इचलकरंजीजवळच्या एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवायच्या. चाळिशीला टेकलेल्या, उंच, खांदे रुंद. शाळेच्या मुली तीन वर्षं ओळीनं जिल्ह्यात पहिल्या आल्या होत्या, हे त्या भेटणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. मैदानावर धाप लागायला लागली तेव्हा त्यांनी ते वयावर ढकललं. पाय सुजले, रात्री उताणं निजवेना, तेव्हा नवऱ्यानं ओढून दवाखान्यात नेलं.

नवरा, अजित मगदूम, खाटेच्या पायथ्याशी उभा होता.

वैजयंतीनं उभ्याउभ्याच सांगितलं. गाठ साधी नाही. कॅन्सर आहे.

अजितनं खाटेचा दांडा घट्ट धरला.

राजमतीबाईंनी थोडा वेळ छताकडे पाहिलं. मग मान वळवली.

“मी जगतीय का न्हाई, तेवढं सांगा.”

“मी तुम्हाला बरं करणार,” वैजयंती म्हणाली. “शब्द देते.”

ती वॉर्डबाहेर पडली तेव्हा तिला स्वतःचाच आवाज आवडला होता.

*

“सांगितलंस?” सरांनी विचारलं.

“सांगितलं. धीराच्या आहेत बाई. मी म्हटलं, तुम्हाला बरं करणार. पोटात, फुप्फुसात, कुठंच पसरलेलं नाहीये, सर. सोमवारी उघडू या. गाठ, भिंत, सगळं काढून टाकते.”

“आधी औषधं. केमो. गाठ आक्रसू दे, कड स्पष्ट होऊ दे. आत्ता कापलंस तर मागं उरेल.”

“तोवर फुटली तर?”

“फुटू शकते.”

“आणि औषधांना दाद दिली नाही तर?”

“तेही होऊ शकतं.”

सर खुर्चीत मागे टेकले.

“बरं करणार म्हणालीस?”

“हो, सर. शब्द दिलाय.”

“गाठीला विचारलंस?”

“सर...”

“जा. शब्द परत घेऊन ये.”

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“सर, पेशंटला धीर द्यायला नको?”

“दे ना. धीर तिथंच राहू दे. शब्द परत आण.”

वैजयंतीचा चेहरा लाल झाला.

“आमच्या घरात दिलेला शब्द कुणी परत घेत नाही, सर.”

“म्हणून तर तुला पाठवतोय.”

सरांनी पुढ्यातला दुसरा कागद ओढला आणि वाचायला सुरुवात केली. बोलणं संपलं होतं.

*

ती लगेच गेली नाही. कँटीनमध्ये जाऊन बसली. चहा मागवला, प्यायली नाही. सर म्हातारे झाले, असं तिच्या मनात आलं. मग तिला आपलाच राग आला. शेवटी ती उठली आणि वॉर्डकडे चालू लागली.  

राजमतीबाई फोनवर कुणा मुलीला दरडावत होत्या. “पाय मागं ठिवून पकड करायची, किती येळा सांगायचं तुला?” डॉक्टरीण दिसताच त्यांनी फोन ठेवला.

वैजयंतीनं स्टूल ओढलं. बसली.

“बाई, सकाळी मी तुम्हाला शब्द दिला. तो मला देता येत नव्हता.”

अजित पुढे आला. “म्हणजे?”

“म्हणजे बरं करणं माझ्या हातात नाही. हा आजार वाईट आहे. काढला तरी पुष्कळदा परत येतो. बहुतेकांना फार वर्षं मिळत नाहीत. काहींना मिळतात. तुम्ही कुठल्या बाजूला असाल, ते मला आज सांगता येत नाही.”

“सकाळी एक, आता एक!” अजितचा आवाज चढला. “चाललंय काय हे? माणसाच्या जिवाशी खेळताय व्हय तुमी?”

शेजारच्या खाटांवरच्या माणसांनी माना वळवल्या. वैजयंतीला आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. तिच्या ओठांवर उत्तर आलं... तिनं ते गिळलं.

“तुमचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “सकाळी मी चुकले.”

अजित खिडकीकडे जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

राजमतीबाईंनी त्याच्या पाठीकडे पाहिलं. मग वैजयंतीकडे.

“आनि तुमच्या हातात काय हाय?”

“आधी काही महिने औषधं. गाठ लहान झाली, तर मी छाती उघडेन आणि जेवढी निघेल तेवढी काढेन. ते काम मला येतं. चांगलं येतं. पुढं परत औषधं, परत तपासण्या. प्रत्येक वेळी जे दिसेल, ते तुम्हाला सांगेन. लपवणार नाही.”

“ह्यो शब्द?”

“हा देता येतो.”

राजमतीबाईंनी डोळे मिटले.  वैजयंती उठली नाही.

“सकाळी तुमी बोलला न्हवं,” डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, “तवा मला वाटलं, ही बाई मला पोरगी समजून समजूत घालतीय. इश्वास बसला न्हाई.”

“आणि आता?”

“आता भ्या वाटतंय.” त्यांनी डोळे उघडले. ते भरलेले होते, पण नजर सरळ होती. “पर भ्यायचं कशाला त्ये तरी कळलं. करा सुरू.”

*

औषधं सुरू झाली. राजमतीबाईंचे केस गेले, भूक गेली. एकदा रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या घसरल्या की त्यांना वेगळ्या खोलीत ठेवावं लागलं. वैजयंतीला काही करता येत नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरचं औषध, दुसऱ्या डॉक्टरचा हिशेब. ती रोज जाऊन बसायची. पहिल्यांदा सर सांगतात म्हणून, मग सवयीनं, मग तसं काही ठरवावंच लागेना.

गाठ निम्म्याहून लहान झाली.

फोटो बघून वैजयंती एकटीच हसली. तिनं तो फोटो सगळ्यांत आधी राजमतीबाईंना नेऊन दाखवला.

“ही कप्प्याची भिंत. हा भाग कापून काढायचा, आणि तिथं ठिगळ लावायचं.”

“कशाचं ठिगळ?”

“जनावराच्या हृदयावरचं आवरण असतं. ते प्रक्रिया करून वापरतात. फार चांगलं बसतं.”

राजमतीबाईंनी अजितकडे पाहिलं. दोघंही जैन घरांतली. घरात कांदासुद्धा शिजत नसे.

“दुसरं काय न्हाई?”

पूर्वीची वैजयंती म्हणाली असती, जीव वाचवायचा की नियम पाळायचे? या वेळी ती थांबली.

“कृत्रिम कापड मिळतं. मला ते शिवायला थोडं अवघड. पण चालतं.”

“तुमाला अवघड?” राजमतीबाईंच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी मैदानावरचं हसू आलं. “मग तर तेच लावा.”

वैजयंतीही हसली. मग गंभीर झाली.

“आणखी एक. गाठीच्या अगदी जवळून हृदयालाच रक्त पुरवणारी मोठी धमनी जाते. कदाचित तिच्यापाशी थांबावं लागेल. कदाचित ती कापून पायातली शीर तिथं जोडावी लागेल. ते आत गेल्यावरच कळेल. पुढं जाण्यातही धोका आहे आणि थांबण्यातही.”

राजमतीबाईंनी विचार केला.

“तवा मी झोपलेली असणार. तुमीच ठरवा. निस्तं एक करा... माझ्यासाठी ठरवा. तुमच्या नावासाठी नगं.”

*

शस्त्रक्रियेच्या दिवशी टेबलाच्या एका बाजूला वैजयंती होती. समोरच्या बाजूला, सहायकाच्या जागी, सर.

हृदय थांबवलं. रक्त आधीच यंत्रातून फिरू लागलं होतं. कप्पा उघडला, आणि गाठ समोर आली, लालसर, खडबडीत, औषधांनी सुरकुतलेली. वैजयंतीचे हात चालू लागले. सर टाके ओढून धरत, रक्त टिपत, दिवा वळवायला सांगत. दोघांत शब्द नव्हता.

गाठ भिंतीसकट बाहेर आली. कापलेल्या कडेचे तुकडे लगेच तपासायला गेले.

सगळे थांबले. यंत्राचा आवाज तेवढा येत होता.

फोन वाजला. पलीकडून पॅथॉलॉजिस्टबाईंनी सांगितलं, “तीन कडा स्वच्छ आहेत. धमनीकडच्या कडेला कॅन्सरच्या पेशी आहेत.”

धमनीकडच्याच.

थांबता आलं असतं. कुणी नाव ठेवलं नसतं. डोळ्यांना दिसणारी गाठ निघाली होती, आणि तेवढंही कोल्हापूरच्या भागात कुणी केलेलं नव्हतं. पुढं जावं तर धमनी कापायची, नवी जोडायची, आणि हृदय परत चालू होईल की नाही, याची खात्री नाही.

वैजयंतीनं समोर पाहिलं.

“सर?”

सरांनी हातातला चिमटा ठेवला. दोन्ही हात राजमतीबाईंच्या छातीतून बाहेर काढले, एकमेकांत गुंफले, स्वतःच्या छातीशी धरले. आणि एक पाऊल मागे सरले.

“सर... काय करू?”

सरांच्या मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. ते तिच्याकडेच बघत होते. त्यांत काहीच लिहिलेलं नव्हतं.

तिला संताप आला. इतक्या वर्षांत कधी नाही, ते आज? आत्ता? मग संताप ओसरला आणि खाली नुसती भीती उरली.  तिला वाटलं, पुढं जायचंय ते कशासाठी? उद्या लोकांनी म्हणावं म्हणून? की थांबायचंय, ते टेबलावर पेशंट गेला असं कुणी म्हणू नये म्हणून? दोन्हींत तीच होती. राजमतीबाई कुठंच नव्हत्या.

तिनं खाली पाहिलं. समोर एक उघडं, शांत हृदय होतं. ते तिचं नव्हतं.

“यंत्रावर अजून किती वेळ सुरक्षित आहे?” तिनं भूलतज्ज्ञांना विचारलं.

“एवढं काम होईल. त्याहून जास्त नाही.”

“खालचा कप्पा बघते. तिथं गाठ पसरली असेल तर थांबते.” तिनं बोटांनी चाचपलं, डोळे बारीक करून पाहिलं. खालचा कप्पा स्वच्छ होता. “नाहीये. पायातली शीर काढायला घ्या. धमनी घेते.”

दुसरा सहायक सरांच्या जागी आला. वैजयंतीनं धमनीचा तो भाग काढला. नवी शीर जोडली. मग ते कृत्रिम कापड भिंतीला शिवायला घेतलं. खरंच अवघड होतं. सुईच्या भोकांतून रक्त पाझरायचं. ती न चिडता, टाक्यामागून टाका, शिवत राहिली. सर भिंतीशी उभे होते. बाहेर गेले नाहीत. बोलले नाहीत.

कडेचा नवा तुकडा तपासून आला. स्वच्छ.

हृदय चालू करायची वेळ आली. ते थरथरलं, थांबलं. परत थरथरलं... आणि चालू लागलं.

कुणीतरी टाळी वाजवली. वैजयंतीनं मागे वळून पाहिलं. भिंतीशी कुणी नव्हतं.

अजित बाहेर उभा होता. सगळं ऐकून तो तिच्या पायाशी वाकू लागला. तिनं त्याला दंडाला धरून वर उचललं.

“अजून मोठी वाट आहे,” ती म्हणाली. “पण आजचं काम नीट झालंय.”

*

राजमती मगदूम घरी गेल्या. पुन्हा औषधं झाली. दर काही महिन्यांनी तपासणी. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांना जेवण जात नसे, आणि वैजयंतीलाही. वर्ष उलटलं तरी आजार परतला नव्हता. पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणी ठाऊक असल्याचा आव आणत नव्हतं. मैदानावर राजमतीबाई सुरुवातीला खुर्चीत बसून शिट्टी वाजवायच्या. मग उभ्या राहून. मग एक दिवस, एका मुलीची पकड चुकली म्हणून, स्वतःच रेषेच्या आत उतरल्या.

देशभरातल्या हृदयशल्यविशारदांच्या संमेलनात वैजयंतीनं ती शस्त्रक्रिया मांडली. सभागृह उठून उभं राहिलं. एका ज्येष्ठ डॉक्टरनं विचारलं, “त्या क्षणी पुढं जायचं धाडस कुठून आलं?” तिला उत्तर देता आलं नाही. लोकांना तो विनय वाटला.

पण तिच्या मनात एक काटा होता. टाळ्या वाजत असतानाही तो टोचत होता.

सरांनी शस्त्रक्रिया करणं कायमचं थांबवायचं ठरवलं, त्या दिवशी शेवटचं काम आटपून ते हात धुवायला आले. वैजयंती शेजारच्या नळावर होती. 

“सर, एक विचारू?”

“विचार.”

“मगदूमबाईंच्या वेळी... मी तुम्हाला विचारलं होतं. दोनदा. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. त्या क्षणी तुम्ही हात काढून घेतलेत.”  वर्षभर ताठ धरलेली मान किंचित वाकली. “का, सर?”

सरांनी नळ बंद केला. तिच्या ओल्या हातांकडे पाहिलं. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, एखादा बाप लेकीकडे बघतो तसं, सावकाश.

“काढून घेतले?” सर म्हणाले. “शेवटचा टाका पडेपर्यंत माझे हात आतच होते.”